मदत हवी आहे: ड्रॉपरने भरायचं पेन गळतंय, आणि तेही मुंबईहून परत येतानाच

लेखणीबहाद्दर

नमस्कार मंडळी,

जुन्या बाजारातून एक काळं एबोनाइटचं (म्हणजे कडक रबराचं) शाईपेन घेतलंय. दांड्यावरचं नाव पार झिजलंय, त्यामुळे बनावट कुणाची ते कळायला मार्ग नाही. आत कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी, काढता-घालता येणारी नळी) नाही की रबरी नळी नाही. निबेचा भाग फिरवून काढायचा, दांड्यात थेट ड्रॉपरने शाई घालायची आणि परत आटे आवळायचे. तीनेक मिली शाई मावते. लिहितं झकास, एकदम ओलं. पण गळतं.

एक तर पकडतो तिथे आट्यांच्या फटीतून शाई झिरपते. अंगठा आणि मधलं बोट कायम निळं. ऑफिसात विचारतात, मतदान होतं का?

दुसरं, शाई संपत आली की लिहिता लिहिता निबेवरून अचानक टपोरा थेंब पडतो. पेन काठोकाठ भरलेलं असताना हे होत नाही. माझ्या अकलेप्रमाणे उलटं व्हायला हवं होतं.

तिसरं सगळ्यात विचित्र. कामासाठी अधूनमधून मुंबईला जावं लागतं. सकाळी डेक्कन क्वीन, संध्याकाळी परत तीच. जाताना पेन कोरडं ठणठणीत. घरी येऊन टोपण उघडावं तर आत शाईचं तळं. बॅग तीच, कप्पाही तोच, पेन तसंच आडवं ठेवलेलं.

शाई बदलून पाहिली, फरक नाही. सध्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलीय, झिरपणं थोडं कमी झालंय. अप्पा बळवंत चौकात एका दुकानदाराने पेन हातातही न घेता "हे दुरुस्त होत नसतं" असा निकाल दिला. कुणी अशी पेनं वापरत असेल तर कृपया मार्ग दाखवा. पेन टाकून द्यायचं नाहीये.

खडूस_काका

आट्यांना फेव्हिक्विक लावा. विषय संपला.

मुठेकाठी

@खडूस_काका, आणि मग शाई कुठून भरायची? तोच तर उघडायचा सांधा आहे!

खडूस_काका

मग जेल पेन घ्या. आमचं आयुष्य त्यावर गेलं, एक थेंब सांडला नाही.

बोरूबहाद्दूर

काकांना बाजूला ठेवून जरा सविस्तर लिहितो.

लेखणीबहाद्दर, तुम्ही एक गळती सांगितलेली नाही, तीन सांगितल्यात. तिघींची कारणं वेगळी आहेत. एकाच उपायाने सगळं थांबवायला जाल तर दमाल आणि मग तो दुकानदार खरा ठरेल.

आधी शाई पेनात थांबते कशी ते बघा. दांडा हवाबंद असतो. लिहिताना शाई बाहेर गेली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि तोच शाईला मागे धरून ठेवतो. निबेखाली जी जीभ असते, म्हणजे शाई निबेपर्यंत आणणारा खाचांचा तुकडा, तिच्या खाचेतून हवेचा बुडबुडा आत गेला की तेवढी शाई पुढे येते. ही ये-जा फक्त जिभेतूनच व्हायला हवी. आट्यांतून चोरून हवा शिरायला लागली की शाईला धरणारं कुणी उरत नाही. मग ती आट्यांतूनही पाझरते आणि निबेवरही जास्त उतरते. तुमचं पेन "एकदम ओलं" लिहितं ना, त्या कौतुकात या चोरट्या हवेचा वाटा असणार. सांधा नीट बसला की लिखाण थोडं सुकं वाटेल, तेव्हा बिघडलं असं समजू नका.

आता थेंब. शाई कमी झाली म्हणजे दांड्यात हवा जास्त झाली. हाताच्या उबेने ती फुगते. दोन मिली हवा १० अंशांनी तापली तर साधारण ०.०७ मिली वाढते. एक थेंब ०.०५ मिलीचा धरा, म्हणजे थेंबापेक्षा जास्त शाई बाहेर ढकलली जाणार. जिभेला आडव्या बारीक खाचा असतात त्या ही जादा शाई सामावण्यासाठीच, पण त्याही भरल्या की पेन ओकतं. काठोकाठ भरलेल्या पेनात फुगायला हवाच नसते. कन्व्हर्टरवाल्यांना हा त्रास फारसा होत नाही, कारण त्यांच्याकडे शाई आणि हवा मिळून मिलीभरही जागा नसते.

आणि मुंबई. त्यात चमत्कार नाही, घाट आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, त्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. सकाळी गाडी घाट उतरते तेव्हा बाहेरचा दाब वाढत जातो, हवा पेनात शिरायला बघते, शाई आतच राहते. संध्याकाळी कर्जतला मागून इंजिनं लागली आणि गाडी खंडाळ्याकडे चढू लागली की उलटा प्रकार. बाहेरचा दाब उतरतो, आतली हवा पसरते आणि दोन मिली हवेमागे दोन-तीन थेंब टोपणात जातात. दिवसभर लिहून पेन अर्धं रिकामं झालेलं असतं, ते वेगळंच.

याला दुरुस्ती लागत नाही. परत येताना पेन निब वर करून उभं ठेवा. मग हवा निबेपाशी असते आणि पसरली तरी हवाच बाहेर जाते. नाहीतर निघण्याआधी काठोकाठ भरून घ्या. विमानातही हेच करतात.

राहिला आट्यांचा सांधा. खरं काम तिथे आहे. पण आधी नेमकं कुठून झिरपतं ते पाहा. पेन धुऊन कोरडं करा, पाण्यात चार थेंब शाई घालून ते भरा, सांध्यावर आणि दांड्यावर टिश्यू गुंडाळून निब खाली करून पेल्यात उभं ठेवा. डाग कुठे येतो ते सांगा. दांड्याला केसासारखी चीर असेल तर तीही यात सापडेल.

परीक्षानळी

वरच्या प्रतिसादाला +१. टेफ्लॉन टेप मात्र आजच काढा. तिने आट्यांची जाडी वाढते आणि आवळताना दांड्याचं तोंड आतून ताणलं जातं. जुन्या एबोनाइटला तिथेच चीर जाते.

त्याऐवजी सिलिकॉन ग्रीस. प्रयोगशाळेत काचेच्या सांध्यांना लावतो ते चालतं. टाचणीच्या डोक्याएवढं पुरे, काडीने आट्यांवर गोल पसरायचं. पुढे जिभेकडे जाऊ देऊ नका, तिथे ग्रीस लागलं तर शाई धरत नाही आणि मग धुवत बसावं लागतं. व्हॅसलीन नको. उन्हाळ्यात पातळ होतं, शाईत उतरतं आणि नैसर्गिक रबर फुगवतं.

आटे संपतात तिथे सपाट कड असेल तर एक पातळ ओ-रिंगही (रबरी गोल कडी) बसेल. बोहरी आळीत मिळेल. माप विचारत बसू नका, निबेचा भागच खिशात घालून जा आणि तिथेच बसवून बघा. आवळल्यावर रिंग बाहेर फुगून दिसली तर ती जाड आहे.

लेखणीबहाद्दर

सगळ्यांचे आभार! घाटाचं वाचून मी आणि बायको दोघेही हसलो. तिचं म्हणणं, प्रवासात पेनसुद्धा ओकतं आणि मलाच नावं ठेवतात.

टिश्यूची परीक्षा केली. दांडा शाबूत आहे, चीर नाही. डाग दोन ठिकाणी: आट्यांचा सांधा, हा अपेक्षितच, आणि निबेच्या बुडाशी, जिथे निब आणि जीभ पेनात शिरतात. उजेडात धरलं तर निब आणि जीभ यांच्यामध्ये बारीक फट दिसते. हे वेगळं दुखणं का?

बोरूबहाद्दूर

हो, पण सोपं. कधीतरी पेन निबेवर पडलं असेल. जीभ एबोनाइटची आहे का ते आधी बघा: बोटाने जोरात चोळून वास घ्या, गंधकासारखा आला तर एबोनाइट. प्लॅस्टिकची असेल तर पुढचं करू नका.

निब आणि जीभ एकत्र धरून, न पिळता, सरळ बाहेर ओढा. निघत नसेल तर जोर करू नका, आत वाळलेली शाई आहे. फक्त पुढचं टोक साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. स्पिरिट, थिनर काहीही नको. बाहेर आल्यावर जिभेच्या खाचा जुन्या मऊ टूथब्रशने आणि भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा. बहुतेक वेळा निम्मा आजार इथेच निघतो.

मग जीभ निबेखाली जागेवर लावून दोन्ही परत बसवा. कपात चांगलं गरम पाणी घ्या, उकळतं नको. फक्त निब आणि जिभेचं टोक अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून निब जिभेवर अंगठ्याने दाबून धरा आणि गार होईपर्यंत सोडू नका. एबोनाइट गरम असताना वाकतं आणि गार झाल्यावर तसंच राहतं. फट राहिली तर पुन्हा करा. पकडायचा भाग पाण्यात जाऊ देऊ नका, काळा रंग उडून हिरवट-तपकिरी होतो आणि तो पॉलिशशिवाय परत येत नाही.

मुठेकाठी

यात भर एवढीच, की निब जिभेवर इतकी घट्टही दाबू नका की फटीतून शाईच उतरणार नाही. कागदाची चिठ्ठी मध्ये सरकायला नको, पण रेघ न तुटता यायला हवी.

लेखणीबहाद्दर

जीभ एबोनाइटचीच निघाली, वास अगदी सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा. खाचांमध्ये विटकरासारखी वाळलेली लाल शाई होती, आधीचा मालक मास्तर असावा. गरम पाण्याने फट गेली. ग्रीस एका शाळेतल्या प्रयोगशाळा सहायक मित्राने चिमूटभर दिलं. आट्यांतून आता झिरपत नाही, बोटं स्वच्छ आहेत. लिखाण खरंच थोडं सुकं झालंय, पण स्वस्त कागदावर शाई फुटायची ती थांबली, हा फायदाच.

मुंबईहून येताना पेन शर्टाच्या खिशात निब वर करून ठेवलं. टोपणात जेमतेम ओल, तळं नाही.

शाई पाव राहिली की थेंब मात्र अजून पडतो. त्याला काही उपाय?

बोरूबहाद्दूर

पाव राहू देऊ नका, अर्ध्यावर आली की भरा. आणि लिहायला बसण्याआधी निब वर करून पेन मिनिटभर मुठीत धरा, हवा तापून काय फुगायची ती आधीच फुगून जाते. यापलीकडे ड्रॉपरच्या पेनाकडून अपेक्षा नको.

परीक्षानळी

ग्रीस दर धुण्यानंतर नव्याने लावा, जुनं पुसून. आणि ओ-रिंग घ्यायला गेलात तर दोन-चार जास्तीच्या आणा, त्या निसटून मोरीत जातात.

खडूस_काका

माझ्याकडेही असलं एक पेन कपाटात पडलंय, १९७० च्या आसपासचं. तेही उघडून बघतो म्हणतो. टोपणच फिरत नाहीये. काय करू? (फेव्हिक्विक लावलेलं नाही.)

मुठेकाठी

काका, टोपणाची कड कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं धरा आणि रबरी हातमोजा घालून फिरवा. पक्कड अजिबात नको. आणि नवीन धागा काढा, इथे लेखणीबहाद्दरांचं चाललंय.