सेंट्रल पार्कातली पुसलेली वस्ती फोनवर दाखवून काय साधणार?

जर्सीवासी:
न्यूयॉर्कमधला कृष्णवर्णीयांचा इतिहास आता एआर ॲपवर, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यात समोरच्या जागेवरच चित्र उभं करणाऱ्या ॲपवर, जागच्या जागी दिसतो, मग पुतळ्यांवरून आणि फलकांवरून भांडायची गरजच उरली नाही, असं परवा इथे एकाने लिहिलं. वाचून राहवेना.

सेंट्रल पार्कात पश्चिमेला, ८२व्या ते ८९व्या रस्त्यादरम्यान सेनेका व्हिलेज ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स या बूटपॉलिश करणाऱ्या तरुणाने १२५ डॉलरला तीन प्लॉट घेतले आणि वस्ती उभी राहत गेली. तीन चर्च, एक शाळा, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. जमीन नावावर असणं म्हणजे मत देता येणं, कारण काळ्या पुरुषाला मतदानासाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट होती. १८५७ मध्ये पार्कासाठी सगळं जमीनदोस्त. आणि पहिला फलक लागला २००१ मध्ये! मधली १४४ वर्षं लोक त्या जागेवर चादरी पसरून डबे खात होते. ज्याच्या फोनमध्ये ॲप त्यालाच दिसणार असेल, तर तो इतिहास पुन्हा झाकलेलाच. दगड हवा, उघड्यावर.

मुक्ता_प:
फलक आता आहेत. २०१९ मध्ये तिथे बरेच लागले. मुलांना घेऊन गेले होते. धाकटीने एक वाचला आणि पळाली. फलकावर मजकूर असतो, घर नसतं. २०११ च्या उत्खननात चर्चची देखभाल करणाऱ्या विल्सन यांच्या घराचा पाया लागला, लोखंडी किटली मिळाली, लहान मुलाचा बूट मिळाला. आज वर नुसतं गवत आहे. ते घर त्याच जागी, त्याच मापात उभं करून दाखवायला दुसरा मार्ग सांगा ना. किनफोक ॲपवाल्या तरुणांनी काळ्या नायकांची डिजिटल स्मारकं उभी केली, त्यासाठी कुठल्या समितीची वाट पाहिली नाही. वाट पाहून मिळालं असतं काय? हटवायची मागणी होऊनही न्यूयॉर्कमधला कोलंबसचा पुतळा हलवायचा नाही हे शहराने २०१८ मध्ये ठरवलंच होतं.

तळेगावकर:
ॲप बनवणाऱ्यांत मीही होतो, एका संग्रहालयासाठी. अनुदान संपलं, नवीन फोनवर ॲप उघडेना, दुरुस्तीला कुणी पैसे देईना. सगळं काम गेलं. वर भर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि झाडांखाली जीपीएस भरकटलं की घर पायवाटेवर येऊन उभं राहतं. दगड निदान पडून तरी राहतो.

खुलताबादी:
अवांतर होईल, पण न्यूयॉर्कसाठी एवढे गहिवरता, मलिक अंबरचं काय? इथियोपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, निजामशाहीचा कारभार हाती घेतो, १६१० मध्ये खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, वसवतो, गावाला नहर बांधून पाणी देतो. शहराचं नाव काय असावं यावर वर्षानुवर्षं भांडणारे किती जण त्याची कबर बघायला खुलताबादला आले? मी तिथेच वाढलो. शाळेची सहल कबरीच्या अंगावरून थेट वेरूळला जायची.

जर्सीवासी:
अंबर सत्ताधीश होता हो. सेनेका व्हिलेजच्या लोकांना हुसकावलं गेलं. दोन्ही एका मापात मोजू नका.

खुलताबादी:
सत्ताधीश झाला म्हणून विकला गेला नव्हता? १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले, हे किती मराठी घरांत सांगतात? आमच्या मातीतला हबशी तुम्हाला नकोसा का होतो?

मुक्ता_प:
दादा, कुणालाच नकोसा नाही, आवाज खाली करा. तुमचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. नहरीचा बराच भाग जमिनीखाली आहे. ती फोनवर पायाखालून वाहताना दिसली तर पोरं थांबतील.

तळेगावकर:
आधी ती नहर साफ करा, मग फोनवर दाखवा.

जर्सीवासी:
मुक्ताताई, विल्सनच्या घराचं मान्य. तेवढंच मान्य. आता हे बघा. १९९१ मध्ये मॅनहॅटनला सरकारी इमारतीच्या पायाखाली आफ्रिकन लोकांचं दफनस्थान निघालं. ४१९ जणांचे अवशेष. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या भागातलं काम थांबलं. २००३ मध्ये अवशेष पुन्हा सन्मानाने पुरले, २००६ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. तेव्हा हे ॲप असतं, तर 'फोनवर दाखवू की' म्हणत इमारत पूर्ण जागेवर चढवली असती. माझी भीती ही आहे.

मुक्ता_प:
भीती खरी आहे. पण तो दोष बिल्डरच्या हातात ॲप देणाऱ्यांचा. त्या वस्तीचे वारस स्वतः ते बनवत असतील, तर त्यांना नको म्हणणारे आपण कोण?

खुलताबादी:
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. वेगळा धागा काढतोय. भातवडीपासून सुरुवात करू, या तिकडे.