बर्मीत ओळख करून देताना 'मी'कडे लक्ष द्या

बर्मीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, असं विचारलं की सगळे 'मिंगलाबा'वर, म्हणजे नमस्कारावर, भर देतात. तो शब्द हवाच, पण म्यानमारमध्ये तो थोडा औपचारिक आहे. वर्गात शिक्षक आले की मुलं एका सुरात म्हणतात, तसा. ओळखीची माणसं भेटली की 'ने काउंला?' म्हणजे बरं आहे ना, किंवा सरळ 'थमीं सा पीबीला?' म्हणजे जेवलात का, असं विचारतात. उत्तर नुसतं 'सा पीबी', झालं जेवण. आपल्याकडचंच वाटतं, आणि म्हणूनच ते आधी शिकावं असं मला मनापासून वाटतं.

नाव सांगताना मात्र खरी गोम 'मी'त आहे. बोलणारा पुरुष असेल तर 'चनॉ', बाई असेल तर 'चमा'. म्हणून मीना नावाची बाई म्हणेल, 'चमा नान्मे मीना बा', म्हणजे माझं नाव मीना. शेवटचा 'बा' अदबीचा, तो गाळू नका. वाक्याअखेर पुरुष 'खम्या' आणि बायका 'शिं' जोडतात, त्यानेही बोलण्यात मार्दव येतं.

बर्मी माणसाला आडनाव विचारू नका, बहुतेकांना ते नसतंच. मोठ्या पुरुषाच्या नावाआधी 'ऊ', मोठ्या बाईच्या नावाआधी 'डॉ', बरोबरीच्या पुरुषाला 'को', तरुण मुलीला 'मा'. 1961 ते 1971 संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेल्या ऊ थांट यांचं नाव फक्त थांट; 'ऊ' हा मान.

उच्चार देवनागरीवरून पाठ करण्यापेक्षा ऐकून घ्या. भाषेत सूर आहेत, म्हणजे आवाजाच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलतो, आणि ते देवनागरीत नीट लिहून सांगता येत नाहीत.