बार्दो आणि गेन्सबर्गचं डुएट १९ वर्षं का दाबून ठेवलं?

हेडफोनवाली:
मी फ्रेंच शिकतेय, आमच्या मॅडमनी वर्गात 'ज तेम... म्वा नों प्ल्यू' या नावाचा अर्थ सांगितला, म्हणजे ती म्हणते माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि तो म्हणतो माझंही नाही, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. फ्रेंच गायक-गीतकार सर्ज गेन्सबर्ग आणि इंग्रज अभिनेत्री जेन बर्किनचं १९६९ चं व्हर्जन ऐकलं. मग कळलं की आधी हेच गाणं त्याने फ्रेंच सिनेमातली स्टार ब्रिजित बार्दोबरोबर केलेलं आणि ते थेट १९८६ ला बाहेर आलं. एवढं रेकॉर्ड करून कोणी ठेवून देतं का?

जुनी_तबकडी:
ताई, तिने हातापाया पडून थांबवलं म्हणून. १९६७ च्या शेवटी दोघं प्रेमात होते पण बार्दो तेव्हा जर्मन उद्योगपती गुंटर झाक्सची बायको होती. तिनेच त्याला म्हटलं होतं की तुला सुचेल ते सगळ्यात सुंदर प्रेमगीत माझ्यासाठी लिही. पॅरिसला स्टुडिओत काचेच्या छोट्या बूथमध्ये दोघं गायले, आणि आत काय काय झालं याची बातमी लगेच पेपरात फुटली, नवरा भडकला, मग तिने विनवलं आणि याने रेकॉर्ड थांबवली. वाईट त्यालाही वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा प्रेमगीत लिहिलं आणि लोकांनी ते वाकडं घेतलं असं तो म्हणाला होता. त्यानंतर ती शूटिंगला स्पेनला गेली आणि प्रकरण तिथंच संपलं.

कोपऱ्यातला_रेडिओ:
पण मला हे पटत नाही हो. तिच्यासाठी लिहिलेलं गाणं वर्षभरात दुसरीकडून गाऊन घेतलं, तेही गाजलं एवढं की बीबीसीने बंदी घातली तरी ऑक्टोबर १९६९ ला ब्रिटनमध्ये एक नंबरवर. बार्दोला काय वाटलं असेल?

जुनी_तबकडी:
वाटलं असणारच, नाही म्हणत नाही. पण गाणं त्याचं होतं, आवाज तिचा होता, आणि तिचा आवाज त्याने तिच्या परवानगीशिवाय विकला नाही. बर्किनचं एक नंबरवर असताना त्या टेपला केवढा भाव आला असता विचार करा! पुढे १९८६ ला तिनेच होकार दिला तेव्हा ती टेप बाहेर आली, पैसे तिच्या प्राणी वाचवायच्या कामाला गेले. माझ्या लेखी प्रेम ते हेच.

हेडफोनवाली:
काल रात्री दोन्ही पाठोपाठ ऐकली. बर्किन एक सप्तक वर गाते, पोरीसारखा कोवळा आवाज, छानच आहे ते. बार्दो मात्र खालच्या पट्टीत, ज तेम म्हणताना श्वास इतका जवळ येतो की मी हेडफोन काढून मागे कोणी आहे का बघितलं. ती गाणं म्हणतच नाहीये, त्याच्याशी बोलतेय. हे तेव्हा बाजारात आलं असतं तर त्या नवऱ्याला काहीच सांगायची गरज पडली नसती.