नवी नोकरी, नवे सहकारी: तुमचं सूत कसं जुळलं?

कामाचं प्रशिक्षण मिळतं, शेजारच्या माणसाशी जुळवून घ्यायचं मिळत नाही. मी बँकेत कारकून म्हणून लागले. छोटी शाखा, तिजोरीच्या दोन किल्ल्या. एक अधिकाऱ्यांकडे, एक माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. दुसऱ्याच आठवड्यात माझी लोकल चुकली. महिन्याची 1 तारीख, पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत. साहेब काही बोलले नाहीत, आपली किल्ली हातात धरून नुसते उभे होते. ते जास्त लागलं! तुमचे अनुभव लिहा.

घंटीवाला
मी बसवाहक. एक घंटी थांबा, दोन घंटी चला, एवढं पाठ होतं. पहिल्याच बाजारच्या दिवशी एका आजींची पिशवी दाराबाहेर असतानाच मी दोन दिल्या. चालकमामांनी गाडी हलवलीच नाही. रात्री मुक्कामाच्या गावी डबा सोडताना म्हणाले, "आरसा मला अर्धंच दाखवतो रे, बाकीचं तू बघायचंस." आता दार लागल्याचा आवाज आल्याखेरीज दोरीला हात नाही.

रात्रपाळी
स्टाफ नर्स, पहिलाच महिना. संध्याकाळच्या सिस्टरनी ओव्हर देताना, म्हणजे पाळी माझ्याकडे सोपवताना, सांगितलं, 7 नंबरचं सकाळी ऑपरेशन आहे, रात्री 12 नंतर उपाशी. मी वहीत लाल पेनाने लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. पहाटे मावशींनी सगळ्यांबरोबर 7 नंबरलाही चहा दिला. दुधाचा चहा पोटात, भूल देणार कशी? ऑपरेशन पुढे गेलं. नातेवाईक मावशींवर ओरडले, मी गप्प राहिले, त्याची अजून लाज वाटते. मावशी वही वाचत नाहीत, आणि वॉर्डात चहा त्याच वाटतात. त्यांना तोंडी सांगायचं माझं काम होतं. आता पेशंटला सांगते, मावशींना सांगते, वर खाटेला 'उपाशी' पाटीही लावते.

निवृत्त_बारनिशी
सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं. नव्या पोरांना एकच सांगायचो, दुसऱ्याच्या टेबलावर कागद नुसता ठेवून येऊ नका, सही घ्या. त्यांना वाटायचं म्हातारा संशयी आहे. आहेच. "ते पत्र माझ्याकडे आलंच नाही" हे 30 वर्षं ऐकलंय.

धागाकर्ती
@रात्रपाळी, मावशींशी नंतर कसं राहिलं?

रात्रपाळी
इन्चार्ज सिस्टरना खरं सांगितलं, मावशींची माफी मागितली. तरी आठवडाभर मला चहा नव्हता.