३ मिमीचा व्हीएसडी (हृदयाच्या पडद्यातलं छिद्र), पण मर्मर (हृदयाच्या ठोक्यांसोबतचा जादा आवाज) मोठा: छिद्र वाढलंय का?

सांजवात: मुलगी अडीच महिन्यांची. जन्माचं वजन २.९ किलो, आज ४.८. इकोत (हृदयाची सोनोग्राफी) खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मांसल भागात ३ मिमीचा व्हीएसडी, ग्रेडियंट (छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक) ५८, डावा कप्पा नॉर्मल. औषध नाही, सहा महिन्यांनी बोलावलंय. जन्मल्यावर तपासलं तेव्हा काहीच ऐकू आलं नव्हतं, आता मर्मर मोठा आहे म्हणतात. छिद्र वाढलं का? घरचे म्हणतात लस थांबवा, बाळाला रडू देऊ नका.

तिरपी_रेघ: वाढलेलं नाही. जन्मतः फुप्फुसांतला दाब चढा असतो, दोन्ही बाजू जवळपास सारख्या, म्हणून रक्त फारसं पलीकडे जात नाही आणि आवाजही नाही. काही आठवड्यांत तो दाब उतरतो आणि डावीकडून उजवीकडे धार लागते. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी कसं आवाज करत उडतं, तसंच हे. छिद्र मोठं असेल तर उलट मर्मर हलका असू शकतो.

ग्रेडियंट ५८ ही चांगली बातमी. बाळाचा वरचा रक्तदाब, म्हणजे डाव्या कप्प्यातला दाब, ८५ धरला तर त्यातून ५८ वजा जाऊन उजव्या कप्प्यात राहिले २७. फुप्फुसांवर दाब नाही. मांसल भागातली एवढी छिद्रं बहुतेक वेळा पहिल्या दोनेक वर्षांत आपोआप मिटतात. मिटवायचं औषध नाही. फ्युरोसेमाइड (लघवीवाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारं औषध) देतात ते फुप्फुसांत रक्त जास्त जाऊन बाळाला धाप लागते तेव्हा.

गवती_चहा: वजनाचा हिशेब करा: ७५ दिवसांत १९०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २५. उत्तम. दर पंधरवड्याला त्याच काट्यावर, कपडे काढून वजन घ्या. बाळ झोपलं असताना पोटाची हालचाल बघत पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळांचा श्वास अडखळत चालतो. या वयात ५० किंवा जास्त, पुन्हा मोजूनही तेवढाच, तर सहा महिने थांबायचं नाही. पिता पिता दमून सोडणं, कपाळाला घाम, हेही तसंच.

लस सगळी वेळेवर. मोठं छिद्र असो वा छोटं, न्यूमोनिया आणि डांग्या खोकला टाळायचाच आहे. रडल्याने काही बिघडत नाही.

उंबरठा: एक भर. मिमीइतकीच जागाही महत्त्वाची. महाधमनीच्या झडपेखालचं छिद्र लहान असलं तरी झडपेची पाकळी त्यात ओढली जाऊन गळती सुरू होऊ शकते. तिथे शस्त्रक्रियेचा विचार लवकर होतो. मांसल भागात तो धोका नसतो. तरी रिपोर्टात 'एआर'ची (म्हणजे याच झडपेतून रक्त मागे गळण्याची) ओळ बघा.

पुढे दात आले की रोज घासायचे, कीड लागू द्यायची नाही. तोंडातले जंतू रक्तात शिरून छिद्राच्या कडेला बसू शकतात. कारण न सापडणारा ताप बरेच दिवस राहिला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) मागा. आधी डोस गेला की कल्चरमध्ये जंतू बरेचदा उगवत नाहीत आणि निदान लांबतं.

सांजवात: बघितलं, 'एआर नाही' लिहिलंय. उद्याची लस देतो.