जुन्या डिशला आरसे लावून स्टर्लिंग इंजिनवर वीज, नागपुरात जमेल का?

गच्चीवरचा_गडी: राजेहो, गच्चीवर २ मीटरची जुनी डिश पडून आहे. आतून आरशाच्या पट्ट्या चिकटवून फोकसवर स्टर्लिंग इंजिन अन् त्याला डायनॅमो लावायचं म्हणून राहिलो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकते आपल्याकडे, एवढ्या तापात एक कूलर तरी चालंल ना?

बुटीबोरी_फिटर: भाऊ, ४५ चा फायदा नाही, उलट थोडं नुकसानच. या इंजिनात कोंडलेली हवा गरम टोकाला फुगते, थंड टोकाला आकसते अन् पिस्टन हलवते, म्हणून ते दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर चालते. गरम टोक ३०० डिग्री धर, थंड टोक २५ ला असलं तर थिअरीत उष्णतेतली जास्तीत जास्त ४८ टक्के कामाला येते, ४५ ला असलं तर ४४-४५, अन् तेही कागदावर. घरी बनवलेल्यात पिस्टन घासते, हवा लीक होते, ५ टक्के निघाले तरी खूप झालं. तुझ्या डिशवर कडक उन्हात अडीच किलोवॅट पडंल, आरसे अन् रिसिव्हरमध्ये (फोकसवरचा उष्णता घेणारा भाग) थोडं वाया जाऊन इंजिनला दीड-पावणेदोन मिळंल, त्यातून वीज ८०-९० वॅट. टेबल फॅन चालंल, कूलर नाही. तेवढ्याच जागेत सोलर पॅनल ५०० वॅटच्या वर देते अन् सूर्यामागे फिरवावंही लागत नाही.

गच्चीवरचा_गडी: पण तापल्यावर पॅनल पण कमी देते म्हणतात?

बुटीबोरी_फिटर: देते ना, २५ च्या वर दर डिग्रीला ०.३ ते ०.४ टक्के कमी. गच्चीवर पॅनल ६५ ला गेलं तरी १२-१६ टक्केच जाते, तरी डिशच्या कितीतरी पुढे.

उन्हाळी_पाखरू: इंजिनला मात्र नावं ठेवू नका. २००८ मध्ये अमेरिकेच्या सँडिया लॅबमध्ये डिश-स्टर्लिंगनं उन्हातल्या ३१.२५ टक्क्यांची वीज काढून दाखवली, इंजिनात हवेच्या जागी हायड्रोजन भरलेला होता. मग २०१० ला ॲरिझोनात ६० डिशचा प्लांट उभा केला पण तोवर पॅनल एवढे स्वस्त झाले की २०११ ला त्या डिश बनवणारी कंपनीच बुडाली, मला अजून वाईट वाटते त्याचं. आज उष्णतेचं खरं काम साठवणुकीत आहे, मोठ्या प्लांटमध्ये वितळलेलं मीठ तापवून ठेवतात अन् सूर्य बुडाल्यावर त्याच्यावर टर्बाइन फिरवतात. नाहीतर वीज करूच नका, उष्णताच वापरा, आपल्या शिर्डीच्या प्रसादालयात डिशच्या वाफेवर स्वयंपाक होते. अन् हो, डिशला फक्त थेट ऊन चालते, ढग आला की बंद, म्हणजे पावसाळाभर आराम.

बुटीबोरी_फिटर: शिकायला बनवायचं असंल तर जरूर बनव, स्टर्लिंगसारखं समजायला सोपं इंजिन नाही. फक्त आरसे लावल्यावर डिशवर ताडपत्री टाकून ठेवत जा, फोकस सरकून टाकीवर आला तर प्लास्टिक वितळते. काम करताना वेल्डिंगचा चष्मा घाल, लेकरांना वर येऊ देऊ नको.