मदत हवी आहे: पोलिसांची पिस्तुलं अडकतात, सगळीच बदलायची का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका लहान शहराच्या सुरक्षा समितीवर मी नागरिक सदस्य आहे. आमच्या पोलीस खात्यात ४० जण. गेल्या दोन नेमबाजी चाचण्यांत काहींची ९ एमएम पिस्तुलं मध्येच अडकली. कधी रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागात चिमटली, कधी पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत चढलंच नाही. पोलीसप्रमुख म्हणतात, सगळी बदला. पुढच्या महिन्यात मतदान आहे आणि बंदुकीतलं मला फारसं कळत नाही.

बैठकीत जो तो सिग कंपनीच्या पी३२० पिस्तुलाचं नाव घेतो. त्याबद्दल मी वाचलंय. २०१७ मध्ये ते पिस्तूल ठरावीक कोनात खाली पडलं तर गोळी सुटू शकते हे समोर आलं, मग कंपनीने ट्रिगर आणि आतले भाग बदलून द्यायला सुरुवात केली. तरी ट्रिगर न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी आणि खटले चालूच राहिले. कंपनीला मात्र पिस्तुलात दोष आहे हे मान्य नाही. मिलवॉकी शहराच्या पोलिसांनी पी३२० सोडून ग्लॉक कंपनीचं पिस्तूल घेतलं.

पण आमचं पिस्तूल ते नाही, आणि आमचं दुखणंही वेगळं आहे. तिथे नको असताना गोळी सुटल्याची तक्रार, इथे हवी असताना सुटत नाही. आपोआप गोळी सुटत असती तर मी एक दिवसही थांबा म्हटलं नसतं. अडकण्याचं कारण मात्र आधी शोधावं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर नव्या पिस्तुलातही तेच होईल. गेल्या वर्षी सगळ्यांना पिस्तुलाखाली लावायची टॉर्च दिली, त्याचा संबंध असेल का? मी खात्याकडे नेमकं काय मागू?

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो. टॉर्चची शंका रास्त आहे. तिसऱ्या पिढीच्या .४० कॅलिबरच्या ग्लॉक २२ वर टॉर्च लावल्यावर काही खात्यांत हेच झालं होतं. स्लाइड इतक्या वेगाने परत यायची की मॅगझिनची (काडतुसं भरायच्या डबीची) स्प्रिंग तेवढ्यात काडतूस वर ढकलू शकायची नाही. जास्त वेढ्यांची स्प्रिंग टाकल्यावर काही ठिकाणी त्रास कमी झाला, सगळी पिस्तुलं बदलावी लागली नाहीत.

प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाकायला सांगा. अडकलेल्या पिस्तुलात दुसरं मॅगझिन आणि ते मॅगझिन दुसऱ्या पिस्तुलात, असं फिरवून बघा. मग टॉर्च काढून, शेवटी दुसऱ्याच्या हातात देऊन. मनगट सैल असलं तरी पुंगळी अडकते. सराव आणि ड्युटी, दोन्ही काडतुसांनी करा. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी) शेवटची कधी बदलली याची नोंद मागा. आणि एकदा जरी अडकलं असेल तर ते पिस्तूल तोवर कोणाच्याही कमरेला नको.

बदलायचीच ठरली तर होल्स्टरही, म्हणजे कमरेची पिस्तुलाची म्यानं, खर्चात धरा. टॉर्चसकट त्याच पिस्तुलाच्या मापाचे असतात, जुने चालणार नाहीत.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. आज विचारलं. मॅगझिनना नंबर नाहीत, स्प्रिंगची नोंदही नाही. अडकलेली पिस्तुलं मात्र उद्यापासून जमा करून घेणार आहेत. आता एकच सांगा: दुरुस्तीनंतर किती फैरी न अडकता झाडल्या म्हणजे ते पिस्तूल परत द्यायला हरकत नाही?